शेवटच्या ओळीतलं नाव

पत्रा ठोकून कापणाऱ्या पॉवर प्रेसच्या मागे स्क्रॅपचा डबा असतो. पुढे काम चालू असतं आणि मागे डबा भरत असतो. कुणी बघत नाही. मग एक दिवस डबा ओसंडतो, कुणाच्या तरी पायात पत्र्याचा तुकडा घुसतो आणि सगळे ओरडतात, "अरे, डबा का नाही रिकामा केला?" आमच्या शॉपमधल्या किश्श्यांचं तसंच झालंय. माझ्या दादाच्या गाण्यावरून एवढं काय काय घडलं की डबा आता ओसंडलाय. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. मला नटवून सांगता येत नाही. सांगताना आवाज चढला तर चढू द्या!

आधी माणसं सांगतो. आमचं प्रेस शॉप तळवड्यात आहे. गाड्यांना लागणारी ब्रॅकेटं आम्ही बनवतो आणि चाकणला पाठवतो. माझा मोठा भाऊ दिगंबर, म्हणजे सगळ्यांचा दिगू, तिथला जुना ऑपरेटर. मला त्यानेच तिथे चिकटवलं. शेजारच्या प्रेसवर सुभाष राठोड, नांदेडकडचा. ढोलकी अशी वाजवतो की सुपरवायझरचा पाय हलतो. आणि मेंटेनन्सला बबनकाका. काका तळवड्याच्या जुन्या घराण्यातले. आज जिथे आमची शेड उभी आहे, तिथे त्यांची ज्वारी व्हायची.

काकांचे कान ही आमच्या शॉपची शान आहे. प्रेसवर पाच-सहा वर्षं काढली की माणूस बायकोचं बोलणं ओठांवरून ओळखायला लागतो. काकांनी मात्र पहिल्या दिवसापासून कानात कापूस घातला. कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता म्हणतात, "तीन नंबरचं बेअरिंग चाललं." जाऊन बघावं तर बेअरिंग खरंच गेलेलं!

एकदा एक नवा सुपरवायझर म्हणाला, "काका, एवढ्या आवाजात काय ऐकू येणार? उगाच फेकू नका."

काका शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या खिशातला फोन थरथरतोय. घरून आसंल. आधी तो उचला."

फोन घरूनच होता!

*

आता गाणं. खंडेनवमीला आम्ही मशीन बंद करतो, पुसतो, हळद-कुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो. पूर्वी आरती व्हायची, पण दुसऱ्या कडव्यानंतर कुणालाच येत नसायची. सगळे नुसते ओठ हलवायचे. दादाला त्याची लाज वाटायची. म्हणाला, "जिच्या तोंडात वर्षभर हात घालतो, तिच्यासाठी आपलं एक गाणं नको?"

त्याने प्रेसच्या ठोक्यावर गाणं बांधलं. स्ट्रोक खाली येतो तिथे शब्द संपतो.

*घे गं प्रेसमाउली, पत्रा घे, पट्टी घे,*
*बोट तेवढं सोडून दे गं, बोट तेवढं सोडून दे!*

पहिल्यांदा म्हटलं तेव्हा शॉपमधले चार-पाच जण खाली बघायला लागले. आमच्या धंद्यात दहा बोटांचा माणूस नशीबवान.

आता महत्त्वाचं ऐका. भजनात शेवटच्या ओळीत कवी आपलं नाव घालतो. दादाने ती जागा मोकळी ठेवली. म्हणाला, "ज्याच्या मशीनवर वर्षभर रक्त सांडलं नाही, त्याचं नाव घ्यायचं." त्याच्या मशीनला पहिला नारळ. नाव कुणाचं ते काका ठरवायचे. म्हणून एका वर्षी 'शंकर म्हणे', एका वर्षी 'राठोड म्हणे'.

*राठोड म्हणे, माउली गं, उद्या पुन्हा येईन,*
*दहा बोटं घेऊन आलो, दहाच घेऊन जाईन!*

दर वर्षी काका दादाला विचारायचे, "दिगू, अवंदा तुझं घ्यू का?"

दादा म्हणायचा, "माझं काय, कधीपण घेता येईल."

*

एका वर्षी जर्मनीहून नवी प्रेस आली आणि ती बसवायला क्लाउस साहेब आले. साडेसहा फुटांचा माणूस. शेडच्या दारात रोज डोकं आपटायचा आणि रोज दारालाच सॉरी म्हणायचा. खंडेनवमीला तो इथेच होता. त्याच्या नव्या कोऱ्या मशीनवर आम्ही हळद-कुंकू लावायला लागलो तेव्हा आधी घाबरला. मग गाणं सुरू झालं आणि त्याने फोन काढून सगळं शूट केलं.

शेवटी विचारलं, "मीनिंग?"

राठोड पुढे झाला. त्याचं इंग्रजी म्हणजे आमच्या शॉपचं इंग्रजी. "सर, मशीन मदर. मेटल ईट. फिंगर नो ईट."

क्लाउस साहेब हसला नाही. त्याने डावा हात वर केला. एक बोट अर्धं! आम्हाला इतके दिवस दिसलंच नव्हतं. तो खिशात हात घालून फिरायचा ते आम्हाला साहेबी वाटायचं.

जाताना दादाला मिठी मारून गेला आणि दारात परत डोकं आपटलं.

*

गुढीपाडवा झाला आणि दादा गेला. सॅम्पल द्यायला चाकणला चालला होता, बाइकवर. कंटेनर. एवढंच सांगतो. हॉस्पिटलात मला आधी त्याचे हात दिसले. दहा बोटं. दहाच्या दहा! त्या दिवशी मी कुणाकुणाला काय काय बोललो ते मला आठवत नाही, आणि ज्यांना आठवतं ते सांगत नाहीत.

नंतर एक दिवस दादाच्या फोनवर क्लाउस साहेबाचा मेसेज आला. फोन अनिता वहिनीकडे होता. वहिनी बीकॉम आहे, तिनेच वाचून दाखवला. क्लाउस साहेबाच्या गावात त्याच प्रेसच्या कारखान्यातल्या लोकांची गाणारी मंडळी आहे, बहुतेक रिटायर झालेली. हाना नावाच्या बाई ती चालवतात. त्यांनी दादाचं गाणं ऐकून ऐकून मराठीत पाठ केलं आणि गावच्या कार्यक्रमात म्हटलं. तिकडे नियम असा की चार लोकांपुढे गाणं म्हटलं की ते कुणाचं आहे हे तिकडच्या लेखकांच्या सोसायटीला कळवायचं, म्हणजे त्याला त्याचे पैसे मिळतात. हाना बाईंनी क्लाउस साहेबाला विचारून दादाचं नाव कळवलं. तिकडच्या सोसायटीने मुंबईच्या सोसायटीला विचारलं, कारण देशोदेशीच्या या सोसायट्यांचा आपसात करार असतो. तुमच्या माणसाचं गाणं इथे वाजलं तर आम्ही सांभाळू, आमच्याचं तिथे वाजलं तर तुम्ही सांभाळा. आमच्या चिखलीत सोसायटी म्हणजे टँकरवरून भांडणारी. इथे सात समुद्रापलीकडची सोसायटी इकडच्या सोसायटीला विचारत होती, हे पोर कुणाचं!

आणि इकडच्या सोसायटीने काय कळवलं? 'पारंपरिक.'

मी तिथल्या तिथे मुंबईच्या सोसायटीला फोन लावला. एका मॅडमनी उचलला.

मॅडम म्हणाल्या, "दिगंबर नावाने आमच्याकडे नोंद नाही. आणि गाणं लोकगीत दिसतंय. म्हणजे कर्ता कुणी एक नसतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं."

"पिढ्यान्‌पिढ्या? मॅडम, तो माझ्याबरोबर डबा खायचा!"

"तुमच्या भावना मी समजू शकते."

"भावना समजू नका, नाव लिहून घ्या!"

आणि मी फोन आपटला. मग पाच मिनिटांनी परत लावला. एंगेज!

*

मुंबई गप्प बसली, पण जर्मनी बसली नाही. तिकडच्या सोसायटीने मुंबईला उलट पत्र लिहिलं आणि हाना बाईंनी त्याची नक्कल वहिनीला पाठवली. दादाच्या गाण्यात एक कडवं आहे:

*हिरवा दिवा लागला गं, सेन्सर राहो जागा,*
*दोन हातांनी बटण दाबतो, नको करू त्रागा!*

पत्रात अगदी अदबीने विचारलं होतं: "गाणं पारंपरिक असल्याचं आपण कळवलंत, त्याबद्दल आभार. एक शंका आहे. भारतात प्रेस मशीनला सेन्सर कोणत्या शतकापासून बसवतात?"

हे वाचल्यावर कॅन्टीनमध्ये चहा सांडला. काका म्हणाले, "सांग त्यांना, आमच्या पणजोबाच्या नांगराला व्हता!"

कितीतरी दिवसांनी वहिनी हसली.

आठवड्याने मुंबईने चूक सुधारली. 'पारंपरिक' खोडलं. त्याच्या जागी लिहिलं, 'अज्ञात'.

अज्ञात! पोलिसांच्या कागदावर कंटेनरवाल्याच्या जागी हाच शब्द आहे. मारणारा अज्ञात आणि लिहिणारा पण अज्ञात! मग मधे माझा भाऊ होता तो कोण होता, राव?

*

ही बातमी शॉपमध्ये फिरली तशी आमच्या एचआर साहेबांना जाग आली. जिवंतपणी दादाला त्यांनी कधी नावाने हाक मारली नव्हती, टोकन नंबरने मारायचे. त्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं, खुर्च्या दिल्या. तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

म्हणाले, "गाण्याचा ताल प्रेसचा आहे ना? प्रेस कंपनीची आहे. कंपनीच्या वेळेत सुचलंय. म्हणजे टेक्निकली गाणं कंपनीचं होतं. आपण ते सेफ्टीच्या व्हिडिओत घेऊ. खाली कंपनीचं नाव."

माझी मूठ वळली. मी उठलोच होतो. काकांनी माझा शर्ट मागून धरला आणि साहेबांना विचारलं, "ताल मशिनीचा, म्हणून गाणं मशिनीच्या मालकाचं. आसंच ना?"

"एक्झॅक्टली."

"मंग तुमी रोज तुमच्या घरच्या मिक्सरवर वाटलेली चटणी खाता, ती मिक्सरच्या कंपनीला पाठवता का?"

साहेब विचारात पडले. अजून पडलेले आहेत.

*

मग मुंबईने पुरावा मागितला. गाण्याची जेवढी रेकॉर्डिंग असतील तेवढी पाठवा. आम्ही हुशार! शॉपमधल्या सगळ्यांच्या फोनमधून जुने-नवे सगळे व्हिडिओ गोळा केले आणि धडाधड पाठवून दिले. पाठवताना छाती फुगली होती. आता बघू कसं नाव लावत नाहीत!

दोन दिवसांनी मॅडमचा फोन. "एका रेकॉर्डिंगमध्ये 'शंकर म्हणे' आहे. दुसऱ्यात 'राठोड म्हणे'. तिसऱ्यात 'मारुती म्हणे'. तुमच्या कंपनीत एकूण कवी किती आहेत?"

एकाही व्हिडिओत 'दिगू म्हणे' नव्हतं! आमच्याच हाताने आम्ही त्याला त्याच्या गाण्यातून बाहेर काढला होता.

"शेवटच्या ओळीतलं नाव कवीचं असतं ना?" मॅडम म्हणाल्या. "मग यातला खरा कोण?"

"त्यात जो नाही तो!" मी म्हणालो.

"हे असं मी फाइलवर कसं लिहू?"

*

यातून राठोडचा किस्सा झाला. मुंबईच्या ऑफिसमधून राठोडला पण चौकशीचा फोन गेला. तो घेतला त्याच्या मेव्हण्याने. मेव्हण्याला अर्धंच कळलं. जर्मनी, गाणं, राठोड. तिसऱ्या दिवशी रहाटणीच्या चौकात फ्लेक्स! 'जर्मनी गाजवणारे आमचे दाजी, गीतकार सुभाषभाऊ राठोड यांचे हार्दिक अभिनंदन!' गॉगल घातलेला राठोड. खाली शुभेच्छुकांचे बारा फोटो, त्यात एक तर नुकतंच जावळ काढलेलं बाळ.

मला कुणीतरी फोटो पाठवला. मी तसाच गेलो, खांबावर चढलो आणि फ्लेक्स उभा फाडला. लोक बघत होते. खाली उतरलो तर समोर राठोड.

मला वाटलं, आता मारामारी. मी तयारच होतो. खरं सांगायचं तर मला कुणाला तरी मारायचंच होतं.

राठोड म्हणाला, "कामून फाडलास बे?"

"कामून? तू कवी आहेस का?"

"मी कुठं म्हनलो? मी बी फाडायलाच आलतो." त्याने खिशातून कटर काढून दाखवला. "पण मी कडंनं कापणार होतो. वहिनीच्या पत्र्यातून पाणी गळतंय ना? आख्खा निघाला असता तर वर टाकला असता. आता काय, तुझं डोस्कं टाकतोस का वर?"

दोघांनी मिळून तो टेप लावून चिकटवला आणि चिखलीला नेऊन वहिनीच्या पत्र्यावर उलटा टाकला. पूर्ण पावसाळा राठोड गॉगल घालून पत्र्याच्या भोकातून खालच्या लोकांकडे बघत होता. गळायचं मात्र बंद झालं!

*

शेवटी मी मुंबईला गेलो. काचेचं ऑफिस, एसी एवढा की दात वाजायला लागले. मॅडम समोर बसल्या होत्या. वाईट नव्हत्या, खोटं कशाला बोलू. पाणी दिलं, फाइल काढली, पानं चाळली आणि म्हणाल्या, "यावर उपाय सोपा आहे. लेखकाला एकदा समक्ष घेऊन या."

मी काय केलं ते सांगत नाही. टेबलावर जे होतं ते खाली होतं एवढं खरं. सिक्युरिटीवाल्याने मला लिफ्टमध्ये घातलं. लिफ्टमध्ये तो हळूच म्हणाला, "काय झालं, भाऊ?" मी म्हणालो, "भाऊ गेला." तो पूर्ण सात मजले माझा दंड धरून उभा राहिला, पण धरणं बदललं होतं.

खाली गेटवर मॅडम धावत आल्या. जिन्याने! धाप लागली होती. म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं. फाइलमध्ये कुणी लिहिलंच नव्हतं. हे बघा, एखादा तरी पुरावा आणा. सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग. ज्यात ते स्वतः बोलतायत असं काही."

सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग क्लाउस साहेबाकडे होतं. आमच्या फोनमधले व्हिडिओ गाणं संपलं की संपतात. त्याचा नंतरही चालू होता. हाना बाईंनी तो पाठवला. वहिनी, मी, राठोड, काका, सगळे कॅन्टीनमध्ये एका फोनवर वाकलो. दादा दिसला. केस विस्कटलेले, गालाला हळद.

व्हिडिओत क्लाउस साहेब विचारतो, "हू मेड दिस साँग? यू?"

बोल, दादा. एकदा बोल.

दादा हसला आणि म्हणाला, "किसी एक का नहीं, सर. सबका है."

मी फोन भिरकावला! राठोडने झेलला म्हणून वाचला. काय माणूस! अरे, सगळं जग तुझं नाव पुसायला बसलंय आणि पहिलं बोट तूच फिरवतोस? मेलेल्या माणसावर एवढं चिडता येतं हे मला त्या दिवशी कळलं. वहिनी मात्र व्हिडिओ परत परत लावत होती. आवाज ऐकायला.

आम्ही तो व्हिडिओ दडवणार होतो. वहिनीने दडवला नाही. हाना बाईंना तिने शब्दाला शब्द भाषांतर करून पाठवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं: "आमच्या ऑफिसला मी सांगितलं. दुसऱ्याचं गाणं कुणी असं वाटून टाकत नाही. आपलं असेल तरच 'सगळ्यांचं आहे' म्हणता येतं."

तिकडच्या सोसायटीला ते पटलं. त्यांनी मुंबईला कळवलं की तिथे गाणारे सगळे एकमुखाने दिगंबरचं नाव सांगत असतील तर आमची हरकत नाही. मॅडमनी एक दिवस ठरवून शॉपवर फोन केला, स्पीकरवर. ज्याचं ज्याचं नाव शेवटच्या ओळीत आलं होतं, तो प्रत्येक जण पुढे येऊन बोलला. शंकर, मारुती, राठोड. "गाणं माझं नाही, दिगूचं आहे."

आणि दादाचं नाव लागलं! मुंबईत लागलं, जर्मनीत लागलं. लोक विचारतात, "मग किती मिळणार?" त्यांच्यासाठी मी उत्तर ठेवलंय, पण ते इथे लिहिता येत नाही.

*

आता तुम्हाला वाटेल, झालं, मिटलं. ऐका!

खंडेनवमी जवळ आली. मी काकांकडे गेलो. म्हणालो, "काका, या वर्षी शेवटच्या ओळीत दादाचं नाव."

काका म्हणाले, "न्हाई."

"काय म्हणालात?"

"न्हाई म्हणालो. अवंदा राठोडचं मशीन सोच्छ गेलं. राठोडचं नाव."

"काका, जर्मनीने नाव लावलं! मुंबईने लावलं! आणि तुम्ही नाही म्हणता?"

"बाळ्या, वळ काय हाय? 'उद्या पुन्हा येईन.' मेल्या माणसाच्या तोंडी 'उद्या येतो' घालायचं न्हाई. मशिनीपुढं तर न्हाईच न्हाई. ती वाट बघंल."

"मशीन वाट बघेल?"

"व्हय."

मी त्यांना नाही नाही ते बोललो. म्हणालो, "त्या एसीतल्या मॅडम तुमच्यापेक्षा बऱ्या! त्यांना माहीत नव्हतं म्हणून त्यांनी पुसलं. तुम्ही तर दर वर्षी त्याला विचारत होता, 'तुझं घ्यू का?' आता तो नाही म्हणायला नाही, तर तुम्ही नाही म्हणता!"

काकांनी कानातला कापूस नीट केला आणि स्पॅनर उचलून निघून गेले. त्यानंतर आमचं बोलणं बंद. समोरासमोर आलो तरी मी मशीनकडे बघायचो, ते छताकडे.

*

खंडेनवमीला हाना बाईंच्या मंडळीने व्हिडिओ कॉल करायचं ठरवलं. तुम्ही पूजा करा, शेवटी गाणं आम्ही म्हणतो, आमच्याकडून मशीनला. त्यांनी वहिनीला विचारलं, या वर्षी शेवटच्या ओळीत कोणतं नाव? वहिनीने मला विचारलं. मी चिडून म्हणालो, "राठोड लिही. नियम आहे ना!"

पूजेला वहिनी शॉपवर आली. पहिल्यांदाच. दादाच्या प्रेसला झेंडू तिने घातला. कामगारांची पोरंटोरं, बायका, पेढे, सगळं होतं. मेन स्विच बंद केला. आमची शेड अशी शांत झाली की नव्या माणसाला भीती वाटावी. पत्र्यावर कावळा चालला तरी ऐकू येत होता.

राठोडने फोन एका डब्यावर टेकवला आणि कंपनीचा स्पीकर जोडला. पलीकडे तिकडची मंडळी उभी होती. पांढरे केस, काळे कपडे, हातात कागद. तिकडे अजून नाश्ता व्हायचा होता. मागे क्लाउस साहेब, छताला डोकं लागू नये म्हणून वाकलेला. सगळ्यांनी पायाने ठोका धरला. प्रेसचा ठोका, तोच!

*घे गं प्रेसमाउली, पत्रा घे, पट्टी घे...*

उच्चार आमच्यापेक्षा स्वच्छ. वहिनीने महिनाभर आवाज रेकॉर्ड करून पाठवले होते. सेन्सरचं कडवं झालं. राठोडने ढोलकी मांडीवर घट्ट धरली, आता त्याचं नाव येणार म्हणून मान खाली घातली.

पलीकडे सगळ्यांनी कागद खाली केले. पाठ होतं.

*दिगू म्हणे, माउली गं, उद्या पुन्हा येईन,*
*दहा बोटं घेऊन आलो, दहाच घेऊन जाईन!*

मी वहिनीकडे बघितलं. ती निरांजनातली वात सारखी करत होती. मग सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका दादाच्या प्रेससमोर उभे होते, हातात नारळ. त्यांनी एका कानातला कापूस काढला. मग दुसऱ्या कानातला. दोन्ही बोळे खिशात ठेवले.

मला म्हणाले, "बाळ्या, मला काय नीट ऐकू आलं न्हाई. त्यांना म्हणावं, परत म्हणा."